तह आणि सहल

जगात शांतता नांदू नये असे वाटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत आपल्या हद्दीत चार बोटे सरकलेली नाही, असे म्हणणाराही अजून भेटायचा आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये जगाचा बराचसा इतिहास बसतो.

एरवी आम्ही बँकेतली माणसे इतिहासाच्या वाटेला जात नाही. आमचा इतिहास म्हणजे मागल्या सालची लेजरे, आणि तीही ऑडिटर आल्याखेरीज कोणी उघडत नाही. पण एलएफसीचे, म्हणजे रजेबरोबर प्रवासभाडेही पदरात पाडून घेण्याचे दिवस आले, की ऑफिसात तत्त्वज्ञान सुरू होते. आमचे हेडकॅशियर म्हणतात, "अहो, प्रवासानं माणसं जवळ येतात. जग जर नुसतं हिंडू लागलं ना, तर लढायाच बंद होतील!" हे सांगताना पंख्याखालच्या खुर्चीवरून शेजारच्या टेबलाशी त्यांचे तिसऱ्या वर्षाचे युद्ध चालू असते.

हा विचार एकट्या हेडकॅशियरांचा मात्र नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६७ हे आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून पाळले आणि पर्यटन हा शांततेचा पासपोर्ट आहे अशी घोषणा दिली. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायल आणि अरब देश यांचे सहा दिवसांचे युद्ध झाले. म्हणजे पासपोर्ट निघाला, व्हिसा तेवढा मिळाला नाही. पुढे २०२४ च्या जागतिक पर्यटन दिनालाही 'पर्यटन आणि शांतता' हाच विषय होता, आणि तेव्हा युक्रेन आणि गाझा दोन्हीकडे तोफा चालूच होत्या. इतकी वर्षे येणे थकले, की आमच्याकडे जुनी खाती उघडतात. तीच आपण उघडू.

पहिले खाते टॉमस कुकचे. हा गृहस्थ धंद्याने सुतार, वृत्तीने धर्मोपदेशक आणि दारूचा कट्टर वैरी. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे ५०० माणसे रेल्वेत घातली आणि माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेला नेली. आजच्या संघटित सहलींचा वंशवृक्ष इथून सुरू होतो असे मानतात. दारू सुटावी म्हणून सहल निघाली होती; हल्ली बऱ्याच सहली नेमक्या उलट्या दिशेने जातात, ते सोडा. कुकची सचोटी मोठी होती. माणसे हिंडली की त्यांची मने मोठी होतील, असे त्याला मनापासून वाटे. कंपनी वाढली, जगाच्या फेऱ्या निघाल्या, १८८१ साली मुंबईतही कचेरी उघडली.

आणि मग १८८४ साल उजाडले. सुदानमध्ये खार्टूमला जनरल गॉर्डन वेढ्यात अडकला. त्याला सोडवायला इंग्रजांची फौज नाईल नदीतून वर न्यायची होती. नदीवर आगबोटी कोणाच्या? कुक कंपनीच्या! कारभार तेव्हा कुकच्या मुलाकडे होता. त्याने रीतसर कंत्राट घेतले आणि पिरॅमिड दाखवणाऱ्या कंपनीने १८,००० शिपाई नदीतून वर पोचवले. खार्टूम पडले २६ जानेवारी १८८५ रोजी. मदतीची तुकडी पोचली २८ ला. कंपनीने आपले काम चोख केले होते, म्हणून तिच्याकडे परतावा मागायची सोय नव्हती. बोटीला बिचारीला काय! तिच्यात छत्रीवाला बसला काय आणि बंदूकवाला बसला काय, तिला वजनाशी कारण.

दुसरे खाते एका मास्तराचे. रिचर्ड शिरमान हा जर्मनीतल्या आल्टेना गावचा शिक्षक. पोरांना चार भिंतींत कोंडण्यापेक्षा डोंगरदऱ्यांत चालवावे, असे त्याचे मत. १९०९ च्या ऑगस्टमध्ये तो विद्यार्थ्यांना घेऊन पायी निघाला असताना वादळाने गाठले. रात्री एका खेड्यातल्या शाळेचा वर्ग मिळाला, अंथरायला पेंढा मिळाला. पोरे झोपली. मास्तर जागा राहिला आणि विचार करू लागला, की सुट्टीत सगळ्या शाळा रिकाम्या पडतात; त्यांत हिंडणाऱ्या पोरांना स्वस्तात निजायला का देऊ नये? यातून यूथ हॉस्टेल निघाले. १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात त्याचे कायमचे वसतिगृह सुरू झाले. ज्या किल्ल्याच्या भिंती माणसे बाहेर ठेवायला बांधल्या होत्या, त्याच आता पोरांना आत घेऊ लागल्या. आपल्याकडची कित्येक मुले यूथ हॉस्टेलवाल्यांबरोबर हिमालयात पाय मोडून घ्यायला जातात, त्याचे मूळ त्या पेंढ्यात आहे.

दोनच वर्षांत महायुद्ध पेटले. मास्तर शिपाई झाला. १९१५ च्या नाताळात तो व्होजच्या डोंगरात आघाडीवर होता. समोर अगदी हाकेच्या अंतरावर फ्रेंच. मागच्या खेड्यांतून नाताळच्या घंटा ऐकू आल्या आणि कोणाचा हुकूम नसताना दोन्हीकडच्या बंदुका गप्प झाल्या. मंडळी खंदकांच्या भुयारांतून एकमेकांकडे जाऊ-येऊ लागली. इकडून काळा पाव, बिस्किटे आणि डुकराचे मांस. तिकडून वाइन, कोन्याक आणि सिगारेटी. हा घरोबा नाताळ उलटला तरी सुटेना. शेवटी साहेबलोकांनी शिस्त आणली, म्हणजे पुन्हा गोळीबार सुरू करवला. शिरमानच्या डोक्यात मात्र एक किडा राहिला. शत्रू म्हणून समोरासमोर येण्याआधी या पोरांना एकमेकांना भेटायला एखादी जागा असती तर?

ही जागा उभारायला त्याने जन्म घातला. १९३२ साली ॲमस्टरडॅमला अकरा संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघ काढला आणि मास्तर अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलर आला, वसतिगृहे हिटलरच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली आणि १९३६ मध्ये मास्तरला ते अध्यक्षपदही सोडावे लागले. बोटीचे झाले तेच खाटांचे झाले.

मग काय, हा सगळा खर्च बुडीत खाती टाकायचा? थांबा. १८७०, १९१४, १९३९. सत्तर वर्षांत जर्मन आणि फ्रेंच तीनदा लढले. १९१९ साली व्हर्सायला तह झाला होता, पण तो एकाने लिहिला आणि दुसऱ्याने मुकाट्याने सही केली. त्या तहात सहल नव्हती. पुढे मास्तरने सहली काढल्या, त्यांना तहाचा आधार नव्हता. २२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसला द गॉल आणि आडेनाउअर यांनी करार केला, तेव्हा प्रथमच दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या. राज्यकर्त्यांनी ठरल्या वेळी भेटायचे हे एक, आणि तरुणांनी एकमेकांच्या देशात जायचे हे दुसरे. त्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र कचेरी निघाली. आजवर तिच्यामार्फत ९० लाखांहून अधिक मुले-मुली इकडून तिकडे जाऊन आल्या. काही वसतिगृहात राहिल्या, काही चक्क परक्याच्या घरात, आणि ज्यांचा आजा आपल्या आजावर गोळी झाडत होता त्यांच्या टेबलावर बसून जेवल्या. हे दोन देश आजही भांडतात, नाही असे नाही. पण ते बजेटवरून. आणि बजेटवरून आमच्या घरीही भांडण होते.

आता सही अपुरी राहिली की काय होते, याचे खाते कोरियात आहे. तिथले युद्ध १९५३ साली थांबले ते नुसत्या युद्धविरामाने. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. ह्युंदाई कंपनीचा संस्थापक चुंग जू-युंग मूळचा उत्तरेकडच्या खेड्यातला. पोरवयात बापाच्या गाईचे पैसे घेऊन तो सोलला पळाला होता. १९९८ च्या जूनमध्ये, वय वर्षे ८२, हा म्हातारा ट्रकांत ५०० गाई घालून सरहद्द ओलांडून गावाकडे गेला आणि ऑक्टोबरात आणखी ५०१ घेऊन गेला. एका गाईचे व्याजासह एक हजार एक! मी बँकेत इतकी वर्षे काढली, पण इतकी जुनी बाकी इतकी चोख भरलेली पाहिली नाही. आणि वरची ती एक गाय! आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालायची आपली रीत तिकडे कोणी नेली कोण जाणे.

त्याच नोव्हेंबरात दक्षिणेतल्या लोकांसाठी उत्तरेच्या कुमगांग डोंगराची सहल सुरू झाली. पुढच्या जूनमध्ये पश्चिम समुद्रात दोन्ही आरमारे एकमेकांवर गोळे टाकत होती आणि पूर्वेकडची सहल चालूच होती! पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण. गावकऱ्यांशी बोलायचे नाही. त्याच महिन्यात एका बाईने तिथल्या मार्गदर्शक मुलीशी गप्पा मारताना नको तो विषय काढला, तर तिला सहा दिवस अडकवून ठेवले. दहा वर्षांत १९ लाखांवर माणसे डोंगर बघून आली. माणूस फारसा कोणी बघितला नाही. ११ जुलै २००८ रोजी पहाटे फिरायला निघालेली एक बाई मनाई असलेल्या हद्दीत गेली आणि पहारेकऱ्याच्या गोळीने मेली. दुसऱ्या दिवसापासून सहल बंद.

तरीही सगळेच बुडाले म्हणवत नाही. युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी २००२ पासून याच डोंगराच्या पायथ्याशी होत, आणि सहल बंद पडल्यावरही त्या अधूनमधून होत राहिल्या. कारण टेकायला सहलीची हॉटेले होती. शेवटची भेट २०१८ च्या ऑगस्टमध्ये झाली. एक ब्याण्णव वर्षांची आई आपल्या एकाहत्तर वर्षांच्या मुलाला भेटली. तो चार वर्षांचा असताना पळापळीत तिचा हात सुटला होता. त्यांना तीन दिवस मिळाले, तेही तासांच्या मोजमापाने. २०२५ मध्ये ते भेटीचे केंद्रही पाडायला घेतले.

माझा हिशेब एवढाच, की शांततेचे खाते जॉइंट असते. त्यावर तहाची आणि सहलीची, दोन्ही सह्या लागतात. एकाच सहीचा चेक परत येतो. तहाची सही सरकारची. ती आपल्या हातात नाही. दुसरी आपली, पण ती तरी आपण कुठे धड करतो? आपली मंडळी स्वित्झर्लंडला जातात ती वरणभाताची खात्री करून घेऊन, आणि आठ दिवस आपापसांत दादरच्या जागांचे भाव बोलून परत येतात. कुंपण न बांधताही कुमगांग करता येते ते असे.

तेव्हा परक्या गावी डबा उघडण्याआधी समोरच्याला विचारावे, "तुमच्याकडे आज काय केलंय?" आणि मूठभर चिवडा त्याच्या हातावर ठेवावा. व्होजच्या डोंगरात काळ्या पावावर भागले होते. चिवड्यावर भागायला हरकत नाही.