पंच मोठा की पुस्तक?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली ती तीन जाडजूड पुस्तकं आणि वीस बाजूंचा फासा घेऊनच. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. मी म्हटलं, "गोष्ट सांगायला एवढे नियम कशाला गं?" ती नुसती हसली. मग मीच शोधायला बसलो. इतिहास शिकवल्याची खोड, दुसरं काय!

धागा निघाला थेट प्रशियाच्या सैन्यात. १८२४ साली राइसवित्झ नावाच्या तोफखान्यातल्या लेफ्टनंटने युद्धखेळाचे नियम छापले. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि कोष्टकं. दोन्ही बाजूंनी हुकूम पंचाला द्यायचे, पंचाने फासा टाकून कोष्टकातून नुकसान काढायचं. पुढे नियमांचं ओझं इतकं झालं की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सुचवलं, कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचच निकाल देईल.

पंचाची ही कल्पना टॉटन या अमेरिकी लेफ्टनंटच्या १८८० च्या पुस्तकातून डेव्हिड वेस्लीला मिळाली. १९६९ मध्ये त्याने एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला आणि प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र भूमिका दिली. त्यातला एक खेळाडू डेव्ह आर्नेसन. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने १९७४ मध्ये नातीचा हा खेळ काढला, तोही तीन लहान पुस्तिकांत! उरलेलं पंचाने भरायचं.

पण जो तो आपापल्या परीने भरू लागला. म्हणून १९७७ पासून दोन फांद्या झाल्या. नवख्यांसाठी ४८ पानांची सोपी पुस्तिका आणि मुरलेल्यांसाठी १९७९ पर्यंत तीन जाड ग्रंथ. २०१४ च्या आवृत्तीत पुन्हा सुटसुटीतपणा आला. बऱ्याच बेरजा-वजाबाक्यांऐवजी दोन फासे टाका, परिस्थिती अनुकूल असेल तर मोठा आकडा घ्या, प्रतिकूल असेल तर लहान. लंबक आपला इकडून तिकडे.

हे वाचताना मला माझे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आठवले. एका मुलाने पानिपतावर फार सुंदर लिहिलं होतं, पण आदर्श उत्तरातले मुद्दे नव्हते. मी पाचापैकी दोन दिले. ते आजही टोचतं. पुढच्या वर्षी ठरवलं, आपल्या समजुतीने तपासायचं. तर एका मुलीने विचारलं, "सर, तिला चार आणि मला तीन, का?" मला सांगता येईना.

तेव्हापासून वाटतं, नियम काही शहाण्या पंचासाठी नसतात. पंच शहाणा आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी असतात.

असो. त्या रात्री नातीने मलाच पंच केलं. तिच्या पात्राने विहिरीवरून उडी मारली. मी म्हटलं, "पडलीस!"

"कशावरून, आजोबा?"

मी मुकाट्याने फासा तिच्या हातात दिला.