कागदाची कीर्द

कीर्द आणि खतावणी यांतला फरक मुरुमच्या आडत दुकानात बसणाऱ्याला सांगावा लागत नाही. कीर्दीत घडेल तसं लिहायचं, खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढवायचं. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना मात्र हे सांगावं लागतं, म्हणून हा प्रपंच!

बर्कलीच्या युनिक्समध्ये प्रिंटरच्या कागदाचा हिशोब याच रीतीने ठेवत. प्रिंटर एक, वापरणारे अनेक, कागदाला पैसे पडतात. एक छपाई झाली की हिशोबाच्या फाइलीत एक ओळ पडे: किती पानं, कुठलं मशीन, कोण माणूस. ही झाली कीर्द. खतावणीसाठी १९८० च्या फोर-बीएसडीपासून 'पॅक' नावाची कमांड होती. माणसागणिक बेरीज करून ती रक्कम सांगे. दर ठरवलेला नसेल तर पानाला दोन सेंट. प्लॉटरचा कागद मात्र फुटावर मोजत, कापडासारखा!

पॅक नको असेल तर १९७७ पासूनचं 'ऑक' होतंच. नाव बघायचं, त्याच्या खाती पानांचा आकडा मिळवत जायचं, शेवटी छापायचं. शेल स्क्रिप्टमध्ये एका ओळीत खतावणी तयार.

बेरीज चोख. पण 'पान' मोजलं कोणी?

ती ओळ लिहायचा फिल्टर नावाचा प्रोग्राम. साध्या मजकुराचा फिल्टर ६६ ओळी झाल्या की एक पान धरी. कागद अडकून चोळामोळा झाला तरी पान तुमच्याच नावावर! पुढे पोस्टस्क्रिप्टचे लेझर प्रिंटर आले आणि ओळी मोजण्यात अर्थच उरला नाही, कारण आता फाइल म्हणजे पान कसं रेखाटायचं याचा प्रोग्राम. (फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी केलेल्या देवनागरीची पानंही अशीच रेखाटून निघत. तिथे ओळी काय मोजणार?) मग फिल्टर प्रिंटरलाच त्याच्या काउंटरचा आकडा विचारू लागले, कामाआधी एकदा आणि नंतर एकदा. वीज मीटरच्या रीडिंगसारखंच. मला हीच पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

१९९९ मध्ये कप्स आलं, त्याची स्वतःची पानांची नोंदवही घेऊन. तिच्यातला आकडा पुष्कळदा फाइलीतच लिहिलेल्या 'इथे नवं पान' अशा खुणांवरून येई. म्हणजे गिऱ्हाइकानेच आपली उधारी लिहायची... असो. ऑकची ती ओळ तिथेही चालते, फक्त रकान्यांचे क्रमांक बदलावे लागतात.