लोखंडी नांगराचा धनी

किर्लोस्कर म्हटलं की आताच्या पोरांना पाण्याचा पंप आठवतो, नाहीतर इंजिन. माझ्या वयाच्या शेतकऱ्याला आधी नांगर आठवतो. पण त्या नांगरामागं घाम गाळणारा एक माणूस होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. शाळेत मन रमेना, पण हात चित्रात आणि यंत्रात चालायचा. म्हणून मुंबईला जे. जे. कला शाळेत गेले. तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा घाव कुठला? पण ते परत फिरले नाहीत. रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटनं शिकले. पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. त्यांनी राजीनामा ठेवला आणि बेळगावची वाट धरली. तिथं थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासोबत सायकलचं दुकान होतं. त्याच्याच जोडीनं त्यांनी छोटा कारखाना घातला. कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

आता लाकडी नांगर कसा असतो ते बघा. तो जमीन फाडतो, पण पालथी करत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की मुळ्या खालीच राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतात. लोखंडी नांगर मातीचा थर उलटा टाकतो. मुळ्या वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. विलायतेहून असे नांगर येत होते, पण ते साध्या कुणब्याच्या आवाक्यातले नव्हते. तसलाच नांगर लक्ष्मणरावांनी इथं ओतला.

आणि तो कुणी घेईना! लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी लोकांची समजूत. नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं भांडवल नुसतं पडून राहणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भाव नसलेला माल पडून राहिलाय त्यालाच कळेल. पण या माणसानं शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. फाळ लवकर झिजतो म्हणून तक्रार आली, तर फाळाचं ओतकाम सुधारलं. जमीन शेतकऱ्याची, बैल शेतकऱ्याचे, तेव्हा खोट नांगरातच असणार, असं धरून ते काम करत राहिले.

नांगर खपायला लागला तोवर दुसरं संकट आलं. बेळगावात शहराची वाढ करायची ठरली आणि कारखान्याची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये कर्ज मिळालं. १९१० च्या मार्चमध्ये तिथं मुक्काम पडला. माळ म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. चाळिशीचा माणूस, पदरी बायको-मुलं, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. पत्नी राधाबाई सोबत होत्या. कामगारही बायकापोरं घेऊन आले, म्हणून तो नुसता कारखाना न राहता गाव झाला. किर्लोस्करवाडी. एकट्याच्या मेहनतीनं कारखाना उभा राहील, पण गाव वसायला घरात चूल पेटावी लागते.

पहिलं महायुद्ध लागलं आणि लोखंड मिळेना. त्या काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामाला दिल्या. तोफेचा नांगर झाला! पुढं उसाचे चरक आणि पाण्याचे पंप आले. थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून वाडीत परतला आणि त्यानं धंदा वाढवला. पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. बापाचं राज्य मुलाला आयतं मिळालं असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, की पोरांना कामाचा नाद आधी घरातच लागला होता.

मग १९४८ उजाडलं. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावानं वाडीच्या कारखान्याला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे. आयुष्यभराचं काम डोळ्यांदेखत जळालं, आणि जळालं तेही ज्या मुलखासाठी नांगर केला त्याच मुलखात. या वयात दुसरा कुणी मुलूख सोडून गेला असता. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, त्याच जागी.

२६ सप्टेंबर १९५६ ला त्यांनी डोळे मिटले, वयाच्या ८७ व्या वर्षी. आज नांगरट ट्रॅक्टरनं होते आणि बैलाचा लोखंडी नांगर परड्यात गंजत पडलाय. तरी मला त्यांच्या मोठेपणापेक्षा ती दोन वर्षं जास्त मोलाची वाटतात, जेव्हा नांगर तयार होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. रंग गेले, नोकरी गेली, जागा गेली, शेवटी कारखानाही जळाला. दर वेळी त्यांनी उरलेलं काय आहे ते मोजलं आणि कामाला लागले. दुष्काळ पडल्यावर आपणही हेच करतो, फक्त आपलं कुणी लिहून ठेवत नाही.