पांढरा डाग

मोटारगाडीच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. वास्तविक ते घ्यायला हवे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी या तालुक्यातल्या कळंबच्या माळावर उसाची शेती केली, साखर कारखाना उभारला आणि त्या वस्तीचे वालचंदनगर झाले. त्याच वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे तिथे फियाट अकराशे बनू लागली. इटलीतल्या फियाट अकराशेच्याच एंजिनावर सिसितालिया नावाची एक देखणी स्पोर्ट्स कार निघाली होती आणि 1951 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती शिल्पासारखी मांडली होती. लग्नाच्या वऱ्हाडाने कोंबून भरलेली आपली फियाट अशा घराण्यातली होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

हे सारे आठवायचे कारण बारामतीतली एक जुनी गाडी. माझ्या एका बागायतदार स्नेह्यांकडे 1960 नंतरच्या दशकातली इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार आहे. तिला तहानेचा रोग जडला होता. इंदापूरला जाऊन आले की रेडिएटरमधले तांब्याभर पाणी कमी! गाडीखाली थेंब नाही, होजपाइप कोरडे, पंपाखाली ओल नाही, तेलात पाणी नाही, सायलेन्सरातून वाफ नाही. तांब्याभर विहिरीचे पाणी ओतायचे आणि पुन्हा निघायचे, असे दोन वर्षे चालले होते. मोठी गळती बरी, ती माणसाला रस्त्यातच थांबवते. ही गळती थांबवत नव्हती, म्हणूनच भीती होती. एखाद्या दिवशी पाणी पाहायचे राहून गेले असते, एंजिन तापले असते आणि त्याचे मस्तक वाकले असते, तर त्या गाडीचे सामान आज आणायचे कुठून?

पाणी आणि मोटार यांचा संसार पहिल्यापासून असाच उधळपट्टीचा आहे. कार्ल बेंझच्या 1886 सालच्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि ते वरचेवर भरावे लागे. 1888 साली त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली, तिलाही वाटेत ठिकठिकाणी पाणी मागावे लागले. (नवऱ्याला न सांगता काढलेल्या या फेरीने मोटारीची जेवढी जाहिरात झाली, तेवढी त्या बिचाऱ्याने स्वतः केली नव्हती.) 1901 च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाखने आठ हजारांवर बारीक नळ्यांचे मधाच्या पोळ्यासारखे रेडिएटर बसवले, तेव्हा कुठे तेच पाणी फिरून फिरून वापरता येऊ लागले. त्यानंतर आले दाबाचे झाकण. झाकणाने सात पौंडांचा दाब धरला की पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंशांवर उकळते. कुकरमधली डाळ लवकर शिजते ती याच न्यायाने.

या झाकणाने एंजिनाचे भले केले, पण गळती शोधणाऱ्याची पंचाईत करून ठेवली. दाब असतो तो एंजिन गरम असताना, आणि तेव्हा भेगेतून आलेला थेंब तापल्या लोखंडावर जागच्या जागी विरून जातो. आपण बॉनेट उघडून पाहतो ते गाडी थंड झाल्यावर. तेव्हा दाबही नसतो आणि थेंबही नसतो.

गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडला, काटा सातावर नेला आणि बिडी शिलगावून बसून राहिले. अर्ध्या तासात काटा पाचावर आला. पाणी मात्र कुठेच दिसेना. मी कंदिलासारखी बॅटरी धरून वाकवाकून पाहत होतो.

"मास्तर, ओल नका हुडकू," ते म्हणाले, "पांढरं हुडका. पाणी उडून जातंय, खार मागं राहतोय."

मला त्या क्षणी गाडी आठवेना, नीरा कालवा आठवला. इतिहास शिकवणाऱ्याला अशी खोड असते.

1876-77 च्या दुष्काळानंतर या कोरड्या मुलखाला पाणी द्यायचे ठरले. भोरजवळ भाटघरचे धरण, खाली वीरचा बंधारा आणि तिथून निघालेला नीरेचा डावा कालवा, अशी ती योजना होती. 1885 च्या सुमारास तेव्हाच्या भीमथडी आणि इंदापूर तालुक्यांत कालव्याचे पाणी खेळू लागले. ऊस आला, पैसा आला. पण कालवा मातीचा होता, तो पाझरत होता. रानात पाणी मोजून दिले जात नव्हते, आणि खोल काळी जमीन पाण्याला सहजी वाट देत नाही. जमिनीखालचे पाणी हळूहळू वर चढले, उन्हाने उडाले आणि मागे क्षार ठेवून गेले. हिरव्या रानात पांढरे पट्टे उमटले. खारवट जमिनीत पीक ओलीतही सुकते. ते सुकलेले पाहून धनी आणखी एक पाणी देई आणि त्या पाण्याबरोबर आणखी खार वर येई. बापजाद्यांची जमीन अशी, डोळ्यांदेखत, पाणी पाजून पाजून पडीक झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ऊस एकाच जागी न साचता ठरावीक गटांत, पाळीपाळीने आणि पाणी मोजून घ्यावा, असा तिचा हेतू होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. 1916 साली मुंबई सरकारने पाटपाणी आणि निचरा यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची मोठी जलसंशोधन संस्था त्याच रोपट्याची वाढ आहे. नद्या, बंदरे आणि धरणे यांच्या प्रतिकृती तिथे हौसेने पाहणाऱ्यांना तिचे मूळ शेतातल्या निचऱ्यात आहे, हे कुणी सांगत नाही.

मिस्त्रींनी आरसा एंजिनाच्या मागच्या अंगाला, धुराड्याच्या नळीखाली सरकवला आणि मला पाहायला सांगितले. ब्लॉकच्या पोटाशी एक वाटोळे पत्र्याचे बूच होते. त्याच्या कडेपासून खाली बोटभर लांबीचा पांढरा ओघळ आला होता, आणि त्याची किनार गंजाने तांबूस झाली होती.

अशी बुचे प्रत्येक जुन्या एंजिनात चार-पाच असतात. लोखंडाचा ब्लॉक ओतताना पाण्याची पोकळी राहावी म्हणून साच्यात रेतीचा गाभा ठेवतात. ओतकाम निवले की ती रेती काढायला भोके लागतात, आणि मग ती भोके बुचांनी बंद करतात. ही जागा धुराड्याच्या अगदी जवळ होती, म्हणून पाझरलेला थेंब खाली पडायच्या आतच वाळत होता.

धुराडे उतरवून बूच काढायला दुपार गेली. बाहेरून ते धड दिसत होते, आतून कागदासारखे झिजले होते. मिस्त्रींनी ते स्नेह्यांच्या तळहातावर ठेवले.

"दादा, ह्यात रोज काय वतत हुता?"

"विहिरीचं पाणी."

"मंग!"

विहिरीच्या त्या प्रत्येक तांब्याबरोबर नवा प्राणवायू आणि नवे क्षार आत जात होते. बंद पाण्यात गंज थोडा चढून मंदावला असता, इथे त्याला रोज ताजे खाद्य मिळत होते. गळतीमुळे पाणी ओतावे लागत होते आणि ओतल्यामुळे गळती वाढत होती. कालव्याखालच्या रानाची तऱ्हा याहून निराळी नव्हती.

सगळीच बुचे बदलून पितळेची बसवली. आतला गाळ उलटे पाणी सोडून धुतला, तेव्हा चहाच्या रंगाचे चार बादल्या पाणी निघाले. नंतर शुद्ध केलेले पाणी आणि ग्लायकॉलचे गंजरोधक द्रव निम्मेनिम्म भरले आणि रेडिएटरच्या आत पातळीची खूण केली. इंदापूरच्या तीन खेपा झाल्या तरी पातळी खुणेवरच होती.

स्नेह्यांच्या पडीक पाच एकरांत या उन्हाळ्यात निचऱ्याचे चर खणायचे ठरले आहे.