जाहिरातफलक, महामार्गांवरील : मुंबई उपनगरे

महामार्गाच्या कडेला अथवा प्रवासी ज्या ठिकाणी थांबतात त्या पेट्रोल पंप, पथकर नाका, उपाहारगृह यांसारख्या जागी, मोबदला घेऊन माल, सेवा किंवा संदेश यांची प्रसिद्धी करणारे उभे फलक व अंकीय पडदे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या मुंबईच्या दोन उपनगरी पट्ट्यांत अशा फलकांची वाढ विशेष झाली. तिचा इतिहास हा रस्त्यांच्या, मुद्रणतंत्राच्या आणि जमिनीवरील अधिकारांच्या इतिहासाशी निगडित आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर हा विषय नागरी सुरक्षिततेच्या दृष्टीने विचारात घेतला जाऊ लागला.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात व त्यानंतरही बराच काळ साष्टी बेटावरील रस्तेवाहतूक प्रामुख्याने दोन मार्गांनी होत असे. पश्चिमेकडील घोडबंदर रस्ता (त्याचा उपनगरांतील भाग म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग) अंधेरी-बोरिवलीवरून, तर पूर्वेकडील आग्रा रस्ता (आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग) कुर्ला, घाटकोपर व मुलुंडवरून जात असे. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. वाढत्या वाहतुकीसाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व द्रुतगती महामार्ग (शीव ते ठाणे, सु. २३ किमी.) व पश्चिम द्रुतगती महामार्ग (वांद्रे ते दहिसर व पुढे, सु. २५ किमी.) बांधण्यात आले.

जुन्या रस्त्यांवर दुकाने व घरे अगदी कडेला असल्याने दुकानाची पाटी हीच मुख्य जाहिरात होती. द्रुतगती महामार्गांनी ही स्थिती पालटली. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंची मोकळी जागा आणि वेगाने जाणारा प्रेक्षक यांमुळे दुरून दिसणाऱ्या, थोडक्या शब्दांच्या व मोठ्या आकाराच्या फलकाची गरज उत्पन्न झाली. ताशी ८० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सु. २२ मी. अंतर कापते. चार-पाच सेकंदांत मजकूर वाचून व्हावयाचा, तर अक्षर मोठे आणि वाक्य लहान असावे लागते. महामार्गावरील जाहिरातीची भाषा व तिचे आकारमान या दोहोंचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

रंगविलेल्या फलकांचा काळ : मुंबईतील मोठ्या फलकांची परंपरा चित्रपटांच्या जाहिरातींतून घडली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी मूकपटांच्या काळात चित्रपटाच्या प्रसिद्धिचित्रांना कलात्मक रूप दिले. प्रख्यात चित्रकार म. फि. हुसेन हेही आपल्या उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवीत असत. पत्र्यावर किंवा कापडावर चौकटी आखून लहान चित्र मोठे करण्याची ही कला पुढे अनेक कारागिरांच्या उपजीविकेचे साधन बनली. १९६६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘अमूल’ लोण्याच्या फलकमालेने रंगविलेल्या फलकावर प्रचलित घडामोडींवरील मार्मिक टिप्पणी आणली. फलक बदलला का, हे पाहण्याची सवय मुंबईकरांना तिने लावली.

रंगविलेल्या फलकास कारागिराचा वेळ, परांचीची उंची आणि रंगाचा खर्च यांची स्वाभाविक मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या साहाय्याने प्लॅस्टिकच्या कापडावर (व्यवहारात ‘फ्लेक्स’) छपाई होऊ लागली आणि ती मर्यादा नाहीशी झाली. काही तासांत छापून होणारे व घडी करून वाहून नेता येणारे हे कापड हव्या त्या आकारात जोडता येते. परिणामी फलकाच्या आकाराचा निर्णय कारागिराच्या हातून सुटला व तो पोलादी सांगाडा आणि जागेचे भाडे यांवर अवलंबून राहिला. फलक रंगविणाऱ्यांचा व्यवसायही अल्पावधीत संपुष्टात आला.

थांब्याची जागा : महामार्गावरील प्रेक्षक दोन प्रकारचे असतात : धावता आणि थांबलेला. मुंबईच्या वेशीवर थांबलेला प्रेक्षक दीर्घकाळ नाक्यांनी पुरविला. मुलुंड व दहिसर येथील जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून जकात रद्द झाली. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या पथकर नाक्यांवर ‘फास्टॅग’ अनिवार्य झाल्याने पैसे देण्यासाठी लागणारा वेळ घटला, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकरातून सूट देण्यात आली. थांबण्याची सक्ती अशी क्रमाक्रमाने कमी होत गेल्यावर पेट्रोल पंप व उपाहारगृहे हेच प्रवाशाच्या विसाव्याचे मुख्य स्थान उरले. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूर, तळेगाव इ. ठिकाणी मोठी उपाहारगृह-संकुले उभी राहिली. जाहिरातदारांच्या दृष्टीने तेथे प्रवासी काही सेकंद नव्हे, तर काही मिनिटे उपलब्ध असतो.

अंकीय पडदे : थांबलेल्या प्रेक्षकासाठी अंकीय पडदा विशेष सोयीचा ठरला. अशा पडद्यात तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे (एलईडी) समूह ओळीने बसविलेले असतात. तिन्ही रंगांची तीव्रता कमीजास्त करून प्रत्येक चित्रबिंदूस हवा तो रंग देता येतो. पुरेसा तेजस्वी निळा द्विप्रस्थ १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये सिद्ध झाला व त्यानंतरच संपूर्ण रंगीत पडदे व्यवहार्य ठरले. या संशोधनाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन चित्रबिंदूंमधील अंतर किती ठेवावयाचे, हे प्रेक्षक किती दूर आहे यावर ठरते. पेट्रोल भरताना हाताच्या अंतरावरून पाहिला जाणारा पडदा दाट बिंदूंचा, तर रस्त्यापलीकडून पाहावयाचा पडदा विरळ बिंदूंचा असला तरी चालतो.

छापील फलक एकाच जाहिरातदारास महिनोन्‌महिने विकला जातो. अंकीय पडद्याचा वेळ काही सेकंदांच्या भागांत विभागून अनेकांस विकता येतो आणि मजकूर दूर अंतरावरून बदलता येतो. एका जागेचे उत्पन्न त्यामुळे वाढते. मात्र छापील फलक प्रकाश परावर्तित करतो आणि अंकीय पडदा तो स्वतः फेकतो. भर उन्हात वाचता यावा एवढा तेजस्वी पडदा रात्री मंद केला नाही, तर चालकाचे डोळे दिपतात व समोरील रहिवाशांची झोपमोड होते. हलत्या चित्राकडे दृष्टी आपोआप वळत असल्यामुळे धावत्या चालकाचे लक्षही विचलित होते. थांब्याच्या आत, प्रवाशाकडे तोंड करून लावलेला पडदा आणि थांब्याच्या जागेत उभा करून महामार्गाकडे तोंड केलेला पडदा यांत म्हणूनच भेद करणे आवश्यक ठरते.

कायदा व अधिकार : मुंबईतील फलकांचे नियमन मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलमे ३२८ व ३२८ अ यांनुसार होते. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह किंवा जाहिरात लावता येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ मध्ये रस्त्यालगतच्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक धोरण प्रसिद्ध केले. सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९९५ चा आहे. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील बेकायदा फलकांविषयी सविस्तर निर्देश दिले.

नियमांची उणीव नसताना त्यांची अंमलबजावणी दुबळी राहिली. याचे एक कारण म्हणजे उपनगरांतील जमिनीची मालकी. महामार्गालगतच्या जागा महानगरपालिका, रेल्वे, लोहमार्ग पोलीस, जिल्हाधिकारी, राज्याची विकास प्राधिकरणे व खाजगी मालक यांच्यात विभागलेल्या आहेत. दोन्ही द्रुतगती महामार्ग स्वतः २०२२ मध्येच महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाले. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १८५ नुसार केंद्र सरकारच्या अधिसूचनेशिवाय रेल्वेवरील जाहिरातींवर स्थानिक संस्थेस कर घेता येत नाही. या तरतुदींच्या आधारे आपल्या जागेवरील फलकांना महानगरपालिकेची परवानगी लागत नाही, अशी भूमिका रेल्वेने वेळोवेळी घेतली, तर सुरक्षिततेचा प्रश्न कराहून वेगळा आहे, असे महानगरपालिकेचे म्हणणे होते. या वादात फलकाचे भाडे कोणी घ्यावयाचे हे नेहमी निश्चित असे. त्याचा पाया कोणी तपासावयाचा, हे मात्र अनिश्चित राही.

घाटकोपर दुर्घटना : पूर्व द्रुतगती महामार्गालगत छेडानगर येथे लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमिनीवर एक पेट्रोल पंप व चार मोठे फलक होते. त्यांपैकी एक सु. १२० × १२० फुटांचा होता. महानगरपालिकेच्या नियमानुसार कमाल आकार ४० × ४० फूट होता. फलक नीट दिसावेत म्हणून परिसरातील झाडांवर विषप्रयोग झाल्याची तक्रारही महानगरपालिकेने केली होती. १३ मे २०२४ रोजी दुपारी धुळीचे वादळ व अवकाळी पाऊस आला असता हा फलक पंपावर कोसळला. पेट्रोल भरण्यासाठी आलेले, तसेच पावसापासून आडोसा म्हणून छपराखाली थांबलेले लोक त्याखाली सापडले. १७ जण मृत्युमुखी पडले व ७० हून अधिक जखमी झाले. जमिनीखाली इंधनाच्या टाक्या असल्याने पोलाद कापण्यासाठी ज्योतीची साधने मोकळेपणी वापरता येईनात. बचावकार्य साठ तासांहून अधिक काळ चालले.

फलकाची एक बाजू तिप्पट केल्यास क्षेत्रफळ व त्यावरील वाऱ्याचा एकूण दाब नऊपट होतो. जमिनीपासून उभ्या असलेल्या फलकाच्या बाबतीत दाबाचा मध्यही तिप्पट उंच जातो. त्यामुळे त्यास उलथून पाडणारे परिबल २७ पटींपर्यंत वाढते. हे परिबल पायाने पेलावयाचे असते. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास ४४ मी., म्हणजे ताशी सु. १५८ किमी. धरावा लागतो. वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत पाया अपुरा असल्याचे व तो ताशी ४९ किमी. वेगाचाच वारा पेलू शकत असल्याचे आढळले. दुर्घटनेच्या दिवशी वेग ताशी ८७ किमी. होता. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे लक्षात घेतल्यास पायाची क्षमता मानकाच्या दशांशाइतकीच होती असे दिसते. त्या दिवशीचे वादळ मानकात गृहीत धरलेल्या वेगाच्या बरेच खाली होते. त्यामुळे ही घटना केवळ नैसर्गिक आपत्ती म्हणता येत नाही.

अशी घटना राज्यात पहिलीच नव्हती. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेवरील फलकाचा सांगाडा काढला जात असताना कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे महामार्गाच्या सेवारस्त्यावर वादळात आडोशाला थांबलेल्यांवर फलक पडून पाच जण दगावले. किवळे व घाटकोपर या दोन्ही ठिकाणी बळी पडलेले बहुसंख्य लोक क्षणभर थांबलेले होते. फलक त्यांच्यासाठी उभारलेला नव्हता. त्याचा मजकूर दूरवरून धावत येणाऱ्यांना उद्देशून होता. फलकाचा लाभ एकाला, त्याचे दर्शन दुसऱ्याला आणि त्याचा धोका तिसऱ्यालाच, अशी ही विभागणी आहे.

नंतरच्या उपाययोजना : दुर्घटनेनंतर छेडानगर येथील उरलेले तीन फलक काढण्यात आले. जाहिरात-कंपनीच्या संचालकास अटक झाली आणि फलकास परवानगी दिली त्या काळातील लोहमार्ग पोलीस आयुक्तांना जून २०२४ मध्ये निलंबित करण्यात आले. राज्य शासनाने अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महानगरपालिकेने २०२५ मध्ये नवे जाहिरात-धोरण जाहीर केले. त्यात ४० × ४० फुटांची मर्यादा, पदपथांवर व इमारतींच्या गच्चीवर नव्या फलकांना मनाई आणि अंकीय पडद्यांच्या तेजस्वितेस मर्यादा यांचा समावेश आहे.

आकार आटोक्यात येऊन उत्पन्न कायम राखावयाचे, तर एकाच चौकटीत अनेक जाहिराती दाखविणाऱ्या अंकीय पडद्यांकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. लहान पडदा वाऱ्यास कमी धरतो, ही त्याची जमेची बाजू होय. मात्र त्याचे वजन कापडाहून अधिक असते व त्यास अखंड वीजपुरवठा लागतो. पेट्रोल पंपासारख्या ज्वालाग्राही जागी विद्युत् जोडणीची स्वतंत्र दक्षता आवश्यक असते. यासाठी पडद्याचा सांगाडा, पाया व जोडणी यांची नियतकालिक तपासणी आणि तिचे उत्तरदायित्व जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी एकाच प्राधिकरणाकडे असणे, या गोष्टी पडद्याच्या तंत्राइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. पावसात छपराखाली थांबणाऱ्या वाटसरूस वर काय उभे आहे याची तपासणी करता येत नाही. ती त्याच्यासाठी आधीच झालेली असावी लागते.