भूज आणि भोवतालची कारागिरांची गावे

मुंबई-ठाण्याच्या नाक्यानाक्यावर मिळणारी दाबेली मूळची कच्छमधील मांडवीची. मुलुंडपासून ठाकुर्ली-डोंबिवलीपर्यंत कच्छी कुटुंबांची वस्ती आहे आणि सुट्टी लागली की त्यांची पावले गावाकडे वळतात. भाषावार राज्यांच्या निर्मितीपूर्वी, १९५६ ते १९६० या काळात, कच्छ आणि ठाणे हे दोन्ही जिल्हे एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. तरीही बहुसंख्य मराठी पर्यटकांचे कच्छ रणोत्सवातील तंबू आणि पांढऱ्या रणातील छायाचित्रे यांपलीकडे जात नाही. कच्छची खरी श्रीमंती भूज या जुन्या राजधानीत आणि तिच्याभोवती साठ-सत्तर किलोमीटरच्या परिघात विखुरलेल्या कारागिरांच्या गावांत आहे. ही श्रीमंती टिकणार की नाही, हे पुष्कळ अंशी तेथे जाणाऱ्या ग्राहकाच्या जाणतेपणावर अवलंबून आहे.

पाण्याने घडवलेला प्रदेश

कच्छचे रण हे राजस्थानच्या थरसारखे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नाही. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा आणि ते आटल्यावर मिठाच्या थराने पांढरा होणारा हा सपाट खारवट भूभाग आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या उत्तरेस 'अल्लाह बंद' नावाचा उंचवटा तयार झाला आणि सिंधू नदीच्या एका फाट्याचे कच्छकडे येणारे पाणी अडले. त्या पाण्यावर पिकणारी शेती संपली आणि लखपत या भरभराटीच्या बंदराला अवकळा आली. आज तेथे भव्य तटबंदीच्या आत तुरळक वस्ती उरली आहे.

शेती बेभरवशाची असलेल्या या प्रदेशात पशुपालन आणि हस्तव्यवसाय हेच निर्वाहाचे आधार ठरले. लोकर, चामडे, माती, एरंडेल यांसारख्या हाताशी असलेल्या वस्तूंतून येथील कला उभी राहिली. कोणत्या गावात कोणती कला रुजली, याचे उत्तर पुष्कळदा तेथील पाण्यात, कुरणात किंवा जातिसमूहांच्या परस्पर व्यवहारात सापडते.

राजधानीचे शहर

राव हमीरजी यांनी १५१० मध्ये वसवलेले भूज १५४९ मध्ये राव खेंगारजी पहिले यांच्या कारकिर्दीत जाडेजा राजांची राजधानी झाले. हमीरजींचे नाव लाभलेला हमीरसर तलाव शहराच्या मध्यभागी आहे. अल्प पर्जन्याच्या या नगरासाठी आसपासच्या पाणलोटांतील पाणी कालवे व बोगद्यांवाटे तलावात आणण्याची व्यवस्था पूर्वी केलेली होती. तलाव भरून ओसंडला की भूजवासीय तो दिवस सणासारखा साजरा करतात, यावरून येथील पाण्याचे मोल कळते.

दरबारगडातील आयना महाल ही अठराव्या शतकातील राव लखपतजी यांची निर्मिती. तिचा शिल्पकार रामसिंह मालम हा कच्छचा खलाशी होता. परंपरेनुसार जहाज बुडाल्याने तो डच खलाशांच्या हाती लागला आणि हॉलंडमध्ये अनेक वर्षे राहून काच, मीनाकाम व फरश्या बनवण्याची विद्या शिकून आला. आरसे जडवलेल्या भिंती आणि निळ्या फरशांची जमीन ही त्या विद्येची साक्ष. याच लखपतजींनी भूजमध्ये ब्रज भाषेतील काव्यशिक्षणाची पाठशाळाही स्थापन केली होती.

शेजारचा प्राग महाल मुंबईकरांना ओळखीचा वाटेल. १८६५ मध्ये राव प्रागमलजी दुसरे यांच्या काळात काम सुरू झालेल्या या गॉथिक शैलीच्या वास्तूचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. मुंबईतील जुन्या सचिवालयाची इमारतही त्यांच्याच आराखड्यानुसार बांधलेली आहे. १८७७ मध्ये स्थापन झालेले कच्छ संग्रहालय हे गुजरातमधील सर्वांत जुने संग्रहालय मानले जाते. गावांकडे निघण्यापूर्वी तेथील वस्त्रे व नाणी पाहून घ्यावीत. कच्छ संस्थानची स्वतःची 'कोरी' ही चलनव्यवस्था होती.

भूकंपाची रेषा

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास झालेल्या भूकंपाने भूज, भचाऊ, अंजार आणि शेकडो खेडी उद्ध्वस्त केली. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण ताजी असलेल्या महाराष्ट्रालाही त्याची तीव्रता वेगळी सांगावी लागली नाही. आयना महाल, प्राग महाल आणि राजघराण्याच्या छत्र्या यांना मोठी हानी पोहोचली. भुजिया डोंगरावरील स्मृतिवन हे स्मारक व संग्रहालय २०२२ मध्ये खुले झाले. डोंगरउतारावर पाणी अडवणाऱ्या पन्नास बंधाऱ्यांच्या भिंतींवर मृतांची नावे लावलेली आहेत. स्मारकातही पाणीच साठवावे, ही कल्पना या भूमीला साजेशी आहे.

भूकंपाने कलांचा नकाशाही बदलला. अजरखपूर हे गाव त्याचे ठळक उदाहरण.

अजरखपूर : पाण्यासाठी हललेले गाव

सिंधमधून आलेल्या खत्री रंगाऱ्यांनी सारण नदीच्या पाण्यासाठी धमडका गावी वस्ती केली होती. नदी आटत गेली आणि भूकंपानंतर तेथील भूजलात लोहाचे प्रमाण वाढले. लोहाने रंग काळवंडतात. म्हणून अनेक कुटुंबांनी भूजपासून सुमारे बारा-पंधरा किलोमीटरवर नवे गाव वसवले, तेच अजरखपूर. काही कुटुंबे मात्र धमडक्यातच राहिली व तेथेही काम चालू आहे.

अजरख छपाईचे चौदा ते सोळा टप्पे असतात. कापड धुऊन एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात भिजवतात. मग ते सह्याद्रीतही मिळणाऱ्या हिरड्याच्या पाण्यातून काढतात. चुना व डिंक यांच्या लेपाने लाकडी ठशांची पहिली छपाई होते. लेप लागलेला भाग पुढे पांढरा राहतो. भंगार लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या द्रवात चिंचोक्याचे पीठ घालून काळी रेघ उमटवतात. तुरटीने छापलेला भाग मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात लाल होतो आणि निळीच्या हौदात बुडवल्यावर निळा रंग चढतो. मधूनमधून धुणे आणि उन्हात वाळवणे चालूच असते. एका कापडाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. 'कच्छ अजरख'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

याच गावात 'श्रुजन' संस्थेचे 'लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर' हे संग्रहालय २०१६ पासून आहे. १९६९ च्या दुष्काळात कच्छच्या स्त्रियांना भरतकामातून उत्पन्न मिळावे, या हेतूने श्रुजनचे काम सुरू झाले. रबारी, आहिर, जत, सोढा, मुतवा अशा समाजांचे टाके वेगळे आहेत. 'सुफ' प्रकारात नक्षी आधी रेखाटत नाहीत. कापडाचे धागे मोजत उलट बाजूने त्रिकोण भरले जातात. हे भरतकाम मुळात विक्रीसाठी नव्हे, तर लग्नाच्या रुखवतासाठी होते. रुखवत पुरे होईपर्यंत मुलींची सासरी पाठवणी लांबत असल्याने ढेबरिया रबारी समाजाच्या पंचांनी १९९० च्या दशकात स्वतःच्या वापरासाठी हाताने भरतकाम करण्यावर बंदीच घातली. कलेचे कौतुक करताना तिच्यामागील श्रमाचा हा हिशेबही पर्यटकाने ध्यानात ठेवावा.

भुजोडी : एका वस्त्राचे तीन कर्ते

भूजपासून आठ किलोमीटरवरील भुजोडीत वणकर विणकरांचे खड्डामाग आहेत. रबारी धनगरांनी लोकर द्यायची, वणकरांनी विणायचे, अशी पूर्वापार देवाणघेवाण होती. रबारी स्त्रियांची काळी लोकरी ओढणी वणकर विणत, खत्री तिच्यावर बांधणीचे ठिपके उठवत आणि रबारी स्त्रिया भरतकाम करत. वस्त्र एक आणि कर्ते समाज तीन, अशी ही रचना. कच्छच्या शालींनाही भौगोलिक मानांकन आहे. जवळच्या कुकमा येथील 'खमीर' ही भूकंपानंतर स्थापन झालेली संस्था केवळ पावसावर येणाऱ्या देशी 'काला' कापसाच्या वस्त्रांना चालना देते. तेथे सूत, माग आणि कापड यांचा क्रम एकाच ठिकाणी समजतो.

निरोणा आणि बन्नी

भूजच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर निरोणा येथे तीन कला एकाच गावात पाहता येतात. पहिली रोगन. एरंडेल दीर्घकाळ तापवून त्याचा चिकट गोळा करतात, त्यात खनिज रंग मिसळतात आणि धातूच्या सळईने त्याची बारीक तार सोडत कापडावर नक्षी काढतात. सळई कापडाला टेकत नाही. बऱ्याचदा अर्धी नक्षी काढून कापड दुमडले की उरलेली अर्धी आपोआप उमटते. ही कला एका खत्री कुटुंबाने जगवली. त्यातील अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरी कला लोहारांच्या घंटांची. लोखंडी पत्रा जोडकाम न करता ठोकून वळवतात, मातीत तांब्या-पितळेचा चुरा मिसळून लेप देतात आणि भट्टीत भाजतात. गुराच्या गळ्यातील घंटेच्या नादावरून मालधारी आपले जनावर ओळखतो. तिसरी वाढा समाजाची लाकडावरील लाखकामाची.

उत्तरेकडे बन्नीचे गवताळ मैदान सुरू होते. होडको गावात गोल 'भुंगा' घरे, माती आणि आरशांचे भिंतीवरील लिंपण आणि चामड्याचे काम पाहायला मिळते. गावकऱ्यांनीच चालवलेले निवासस्थानही तेथे आहे. २००१ च्या भूकंपात चौकोनी पक्क्या घरांच्या तुलनेत भुंगे अधिक टिकले. खावड्याची रंगवलेली मातीची भांडी आणि धोरडोचे पांढरे रण याच वाटेवर आहे.

खरेदी करताना

अजरखच्या नक्षीचे यंत्रावर छापलेले स्वस्त कापड आता मुंबई-ठाण्याच्या बाजारातही मिळते. त्यामुळे हाताने काम करणाऱ्याला भाव मिळत नाही आणि पुढची पिढी व्यवसायातून बाहेर पडते. फरक ओळखणे अवघड नाही. ठशाच्या छपाईत सांध्यावर रेघ किंचित सरकलेली असते. यंत्राची नक्षी सर्वत्र तंतोतंत सारखी. नैसर्गिक रंग कापडात मुरतो, तर पडद्याच्या छपाईची मागील बाजू बहुधा फिकी असते. शक्यतो कारागिराच्या घरी, काम पाहून खरेदी करावी. किती दिवस लागले हे विचारल्यावर किंमत वाजवी वाटू लागते आणि घासाघीस करण्याची इच्छा उरत नाही. काम करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे मात्र परवानगीखेरीज काढू नयेत.

कसे जावे, केव्हा जावे

ठाकुर्ली-डोंबिवलीकरांनी लोकलने दादर गाठावे. दादरहून सयाजीनगरी एक्स्प्रेस आणि वांद्रे टर्मिनसवरून कच्छ एक्स्प्रेस भूजला जाते. प्रवास रात्रभराचा आहे. वेळापत्रक आरक्षणापूर्वी तपासावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रात्री थंडी असल्याने गरम कपडे सोबत असावेत. पांढऱ्या रणासाठी सरकारी परवाना लागतो, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे.

किमान चार दिवस हवेत. पहिला दिवस भूज शहर व स्मृतिवन, दुसरा भुजोडी, कुकमा व अजरखपूर, तिसरा निरोणा, होडको व रण. चौथ्या दिवशी मांडवीला जाऊन रुक्मावती नदीकाठी लाकडी गलबते बांधण्याचे काम पाहावे. सवड असल्यास आणखी एक दिवस धोलावीरासाठी राखावा; हडप्पाकालीन जलाशयांच्या या नगराचा २०२१ मध्ये जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. पाणी साठवून जगण्याची कच्छची विद्या किती प्राचीन आहे, ते तेथे दिसते.