यंत्राच्या दारातला अर्जनवीस

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती, तर मराठवाड्यातील बहुसंख्य रयत मराठी बोलत असे. त्यामुळे १९४८ साली संस्थान भारतात विलीन होईपर्यंत औरंगाबादसारख्या सुभ्याच्या ठिकाणी कचेरी आणि रयत यांच्या मध्ये अर्जनवीस बसलेला असे. पक्षकाराने आपल्या बोलीत सांगितलेले गाऱ्हाणे कचेरीला मान्य असलेल्या भाषेत, मायन्यात आणि नमुन्यात उतरवून देणे आणि आलेल्या हुकुमाचा अर्थ पक्षकाराला समजावून सांगणे, एवढाच त्याचा अधिकार होता. संगणकाच्या इतिहासातही असाच एक मध्यस्थ आढळतो. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली मागणी दुसऱ्या कार्यप्रणालीला समजेल अशा रूपात पोहोचवणाऱ्या या मध्यस्थाला ‘सुसंगती थर’ म्हणतात, आणि डिस्क व टेप या दोन साठवण-उपकरणांच्या बाबतीत त्याची खरी कसोटी लागते.

या दोन उपकरणांचा स्वभाव मुळातच भिन्न आहे. टेप ही जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखी असते. शेवटचा मजकूर वाचायचा तर आधीची सर्व लांबी उलगडावी लागते आणि काम संपल्यावर ती पुन्हा गुंडाळावी लागते. डिस्क ही पोथीच्या सुट्या पानांसारखी असून तिचे हवे ते पान थेट उचलता येते. मात्र पान पूर्ण उचलावे लागते, अर्धी ओळ वेगळी काढता येत नाही. या पानाला ‘सेक्टर’ म्हणतात आणि दीर्घकाळ त्याचे रूढ माप ५१२ बाइट राहिले आहे.

महाराष्ट्रात मोठ्या संगणकाचे युग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राने सुरू झाले. त्याच्या सोबतचा सीडीसी १६०-ए हा लहान संगणक छिद्रपत्रांवरील मजकूर टेपवर उतरवून घेत असे, जेणेकरून मोठ्या यंत्राचा मोलाचा वेळ पत्रे वाचण्यात खर्ची पडू नये. त्या काळातील फोर्ट्रान भाषेत उपकरणाला नाव नसे, क्रमांक असे. अमुक क्रमांकाच्या एककावरून वाच, तमुकवर लिही, अशी आज्ञा दिली जाई आणि तो क्रमांक कोणत्या टेपचा, हे त्या त्या केंद्राच्या व्यवस्थेवर अवलंबून असे. कार्यक्रम एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नेला की हे हिशेब पुन्हा जुळवावे लागत.

हा गुंता सोडवण्याचा एक मार्ग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने दाखवला. नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झालेल्या तिच्या पहिल्या हस्तपुस्तिकेतच ‘विशेष फाइल’ या प्रकाराला स्वतंत्र विभाग दिलेला होता. ‘डेव्ह’ नावाच्या निर्देशिकेत प्रत्येक उपकरणाच्या नावाची एक नोंद असे. ‘आरके०’ म्हणजे डिस्क, ‘टॅप०’ म्हणजे डेकटेप. साध्या फाइलप्रमाणेच ही नोंद उघडता, वाचता, लिहिता आणि बंद करता येई. नोंदीत मजकूर काहीच नसे. नंतरच्या आवृत्त्यांत तिच्यामागे दोन अंक असत, ज्यांपैकी पहिला उपकरण हाताळणारा ड्रायव्हर कोणता हे सांगे आणि दुसरा त्या जातीतील नेमके कोणते उपकरण हे दाखवी. पुढे टेपला दोन नावे देण्याची रीत पडली, आणि लिनक्समध्ये ती ‘एसटी०’ व ‘एनएसटी०’ अशी आहेत. यंत्र एकच असले तरी पहिल्या नावाने उघडलेली टेप काम संपताच आपोआप गुंडाळली जाते, तर दुसऱ्या नावाने उघडलेली टेप असेल तेथेच थांबते. एकाच टेपवर अनेक संग्रह एकापाठोपाठ ठेवणाऱ्याने चुकून पहिले नाव वापरले, तर दुसरा संग्रह पहिल्यावरच लिहिला जातो.

ऐंशीच्या दशकात ही पद्धत भारतात रुजली. बँकांच्या संगणकीकरणासंबंधी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतरच्या वर्षांत बँका व कचेऱ्यांसाठी घेतलेल्या अनेक यंत्रांवर युनिक्स होती. दिवसाचे व्यवहार संपल्यावर कार्ट्रिज टेपवर ‘बॅकअप’ घेणे हा तेथील नित्यक्रम झाला, ज्यासाठी वापरली जाणारी ‘टार’ ही आज्ञा मुळात टेपवरील संग्रहासाठीच निर्माण झालेली होती. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या पुस्तकांतून सी भाषा आणि युनिक्स शिकलेली एक पिढी तयार झाली. मात्र टेबलावरच्या स्वस्त संगणकावर डॉस आणि नंतर विंडोज यांचे राज्य होते, जेथे डिस्क म्हणजे ‘ए’, ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरे होती आणि ‘डेव्ह’ निर्देशिकेचा मागमूसही नव्हता.

युनिक्सच्या निरनिराळ्या शाखांना समान नियम असावेत म्हणून १९८८ साली ‘पॉझिक्स’ हे मानक जाहीर झाले. अमेरिकी सरकारच्या खरेदीत या मानकाला महत्त्व असल्याने १९९३ साली बाजारात आलेल्या विंडोज एनटीमध्येही त्याच्यासाठी एक उपप्रणाली होती, पण ती इतकी तोकडी होती की तिच्यावर रोजचे काम उभे राहत नसे. १९९५ साली सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीतील स्टीव्ह चेंबरलेन यांनी सुरू केलेल्या ‘सिग्विन’ने वेगळी वाट धरली. विंडोजच्या गाभ्याला हात न लावता तिच्यावर एक सामायिक ग्रंथालय (लायब्ररी) बसवले आणि युनिक्ससाठी लिहिलेले कार्यक्रम त्या ग्रंथालयाच्या आधाराने नव्याने संकलित करून विंडोजवर चालवले.

डिस्क-टेपच्या बाबतीत या ग्रंथालयाचे काम अर्जनवीसाच्या कामाशी शब्दशः जुळते. ‘डेव्ह’मधील ‘एसडीए’ हे नाव मागितले की ते विंडोजच्या भाषेत पहिल्या भौतिक डिस्कचे नाव होते, आणि ‘एसडीए१’ हे तिच्यावरील पहिल्या विभागाचे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही गाठ वापरणाऱ्याला स्वतः बांधावी लागे; पुढे नावे थरातच पक्की करण्यात आली. परंतु नाव बदलल्याने काम संपत नाही. युनिक्सच्या रीतीने एखाद्या कार्यक्रमाने डिस्कवरून शंभर बाइट मागितले, तर विंडोज ती मागणी नाकारते, कारण तिच्याकडे पूर्ण सेक्टरच्या पटीतच मागावे लागते. अशा वेळी थर पूर्ण ५१२ बाइट आणतो, शंभर पुढे करतो आणि उरलेले पुढच्या मागणीसाठी राखून ठेवतो. टेपवरील एक संग्रह संपल्याची खूण, म्हणजे ‘फाइलमार्क’, आली की विंडोज त्याला ११०१ क्रमांकाची त्रुटी मानते, तर युनिक्सच्या संकेतानुसार ती त्रुटी नसून ‘शून्य बाइट मिळाले’ असे साधे उत्तर असते. थर त्या त्रुटीचे शून्यात रूपांतर करतो. तसे न केल्यास ‘टार’सारखा कार्यक्रम संग्रहाचा नैसर्गिक शेवट हा टेपचा बिघाड समजेल.

या मध्यस्थीच्या मर्यादाही इतिहासाने स्पष्ट केल्या. उपकरण थेट उघडण्यासाठी विंडोजमध्ये प्रशासकाचा अधिकार लागतो आणि तो थराला स्वतःच्या बळावर देता येत नाही. विंडोज व्हिस्टाच्या काळात वापरात असलेल्या विभागावर थेट लिहिण्यास कार्यप्रणालीनेच बंधने घातली, तेव्हा जुन्या आज्ञा अक्षरशः तशाच राहूनही त्यांपैकी काहींना नकार मिळू लागला. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या कार्यक्रमांसाठी स्वतःचा थर दिला, पण त्याच्या पहिल्या रूपात कच्च्या डिस्कपर्यंत पोहोचताच येत नव्हते. दुसऱ्या रूपात मागण्यांचे भाषांतर करण्याऐवजी लिनक्सचा खरा गाभाच विंडोजच्या शेजारी आणून बसवला गेला, आणि त्यानंतरच संपूर्ण डिस्क त्याच्या स्वाधीन करणे शक्य झाले.

कचेरीची भाषा बदलली की अर्जनवीसाचे दुभाषेपण सरते; सुसंगती थराचे महत्त्वही दोन कार्यप्रणालींतील अंतराइतकेच टिकते. दोघांच्याही हाती मागणीचा नमुना असतो, तिच्यावरचा निकाल नसतो. अर्ज कितीही शुद्ध लिहिला तरी सही कचेरीचीच लागते, आणि नाव कोणत्याही प्रणालीचे असले तरी टेपची गुंडाळी पहिल्या टोकापासूनच उलगडावी लागते.